मराठी शाळेतल्या पोरांना विज्ञान झेपत नाही?

दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यायची की नाही, हे सौंदडसारख्या गावात पुष्कळदा गुणपत्रिकेवर ठरत नाही, ऐकीव माहितीवर ठरते. गोंदिया जिल्ह्याच्या या धानपट्ट्यात सर्वांत घट्ट बसलेला समज असा : मराठी शाळेत शिकलेल्या पोराला विज्ञान झेपत नाही, इंजिनीअरिंग तर मुळीच नाही. ज्याला भाषेची किंवा इतिहासाची ओढ आहे त्याने कला शाखा जरूर घ्यावी. पण गणितात उत्तम गुण मिळवणारी मुलेही केवळ या एका वाक्याने मागे फिरवली जातात, आणि ते वाक्य खोटे आहे.

वस्तुस्थिती. विज्ञानात समजून घ्यायची असते ती संकल्पना. नाव नंतरही शिकता येते. सौंदडच्या थांब्यावरून सुटलेली एसटी महामार्गावर २० सेकंदांत ताशी ३६ किलोमीटरचा वेग घेते, असे समजू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. दर सेकंदाला वेग अर्ध्या मीटरने वाढला, हाच प्रवेग. ज्याला हे कळले त्याला 'अ‍ॅक्सलरेशन' हा शब्द पाठ करायला एक दिवस पुरतो. ज्याला कळले नाही, त्याला तो इंग्रजी शब्द तारत नाही.

अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत असतात आणि पहिले काही महिने जड जातात, हे खरे. ही अडचण शब्दांची आहे, कुवतीची नव्हे. सेमी-इंग्रजीच्या मुलांना तर गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द आधीच ओळखीचे असतात. प्रवेश परीक्षांचीही भीती नको. जेईई मेन २०२१पासून १३ भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीतून घेता येते; गणिताची मात्र इंग्रजीत असते. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

विजय भटकर यांचा जन्म अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातला. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, ते अभियंता झाले. 'परम' हा महासंगणक त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये तयार झाला. विदर्भातल्या खेड्यातून निघालेली वाट कुठवर जाते, याचा हा पुरावा आहे. तरीही 'आपल्याकडच्यांचे ते काम नाही' असे मुलांना सांगितले जाते, आणि सांगणाऱ्यांत शिकलेली माणसेही असतात. हे थांबले पाहिजे.

बाकीचे गैरसमज

*'इंजिनीअरिंग म्हणजे शेत विकणे.'* अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्त्या आहेत. वसतिगृहात जागा न मिळाल्यास अनुक्रमे स्वाधार आणि स्वयम् या योजना आहेत. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्क माफीच्या राखीव जागाही असतात. अर्ज मात्र मुदतीत आणि जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांसह हवा. दाखल्यांची धावपळ निकालाआधी उरकावी.

*'मुलीवर एवढा खर्च कशाला?'* २०२४-२५पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरते. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा.

*'बारावी विज्ञान केले नाही, की दार बंद.'* दहावीच्या गुणांवर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेता येते, आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. गोंदियात शासकीय तंत्रनिकेतन आहे.

*'विज्ञान म्हणजे डॉक्टर नाहीतर इंजिनीअर.'* उसना तांदूळ करताना धान भिजवून वाफवले जाते. त्यात दाण्यातला स्टार्च घट्ट बसतो, म्हणून भरडताना कणी कमी होते; कोंड्यातली काही जीवनसत्त्वेही दाण्यात उतरतात. हे अन्न तंत्रज्ञान आहे. बीएस्सी, कृषी पदवी आणि संशोधन या वाटाही विज्ञान शाखेतूनच फुटतात.