ट्रॅक्टरची ओढ कमी झाल्यास कारण कसे शोधावे?

रब्बीच्या पेरणीला वापसा फार दिवस थांबत नाही. भारी जमिनीत हे दिवस मोजकेच मिळतात. नेमक्या त्याच वेळी रोटाव्हेटर किंवा पेरणी यंत्र ओढताना ट्रॅक्टर दबू लागला, तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. ओल उडते, पेरणी लांबते आणि उगवण विरळ होते.

दोन वर्षांपूर्वी हरभऱ्याच्या पेरणीच्या तोंडावर आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा जुना घेतलेला ट्रॅक्टर असाच बंद पडला. कॉमन रेल इंजिन होते. डॅशबोर्डवर डिझेलचा दाब कमी असल्याचा कोड आला. कोड पाहून कारागिराने उच्च दाबाचा पंपच बदलला. दुसऱ्या दिवशी तोच कोड पुन्हा आला! शेवटी दोष सापडला तो पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीजवळच्या रबरी पाइपात. त्याला बारीक चीर पडली होती आणि तेथून डिझेल लाइन हवा धरत होती. पाइप अर्ध्या तासात बदलला, पण तोपर्यंत वापसा गेला होता.

पान पिवळे पडले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. नत्र कमी आहे, लोह कमी आहे की मुळाशी पाणी साचले आहे, हे आधी पाहतो. सेन्सरच्या कोडचेही तसेच आहे. कोड लक्षण सांगतो. कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही.

दोष इंजिनात आहे का?

प्रथम नेहमीच्या शेतात, नेहमीच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवून आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. लोड येताच इंजिनाचे फेरे घसरत असतील तर दोष इंजिनाकडे आहे. फेरे कायम राहून ट्रॅक्टरचा वेग कमी होत असेल तर क्लच घसरतो आहे किंवा चाके जागीच फिरत आहेत. अवजार जास्त खोल लागले आहे का, ब्रेक धरून राहतो का, हेही पाहावे.

धुराचा रंग

१) काळा धूर : हवा कमी मिळते, डिझेल जास्त पडते किंवा लोड प्रमाणाबाहेर आहे.
२) पांढरा धूर : डिझेल न जळता बाहेर पडते. नोझल खराब असणे, कॉम्प्रेशन कमी असणे किंवा सिलिंडरमध्ये पाणी जाणे ही कारणे संभवतात. थंडीत सकाळी थोडा वेळ असा धूर येणे स्वाभाविक आहे.
३) निळा धूर : इंजिन ऑइल जळते.
४) धूर नाही आणि ओढही नाही : बहुधा डिझेल पुरेसे पोहोचत नाही.

हवेचा मार्ग

मळणी, रोटाव्हेटर आणि कोरड्या मशागतीत एअर फिल्टर लवकर भरतो. ऑइल बाथ प्रकारात भांड्यातील तेल बदलावे व गाळ काढावा. कोरड्या प्रकारात बाहेरचा फिल्टर आपटून झाडू नये; कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी. आतला लहान फिल्टर साफ न करता मुदतीनुसार बदलावा.

टर्बो असल्यास टर्बोपासून इंजिनापर्यंतचे सर्व होज पाइप हाताने चाचपावेत. लोडवर शिट्टीसारखा आवाज येणे, जोडाजवळ तेलकट धूळ बसणे आणि काळा धूर ही पाइप फाटल्याची खूण असते. बराच काळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमध्ये पक्षी घरटे करतात, तेही पाहावे. हवा आत जाण्याइतकेच धुराला बाहेर पडणेही आवश्यक असते.

डिझेलचा मार्ग

सुरुवातीला ट्रॅक्टर चांगला चालतो आणि काही वेळाने दबतो, अशी तक्रार असल्यास टाकीचे झाकण सैल करून पाहावे. हवा आत शिरल्याचा आवाज येऊन इंजिन सावरले, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे. त्यानंतर गाळणीतील पाणी काढावे, फीड पंपाची जाळी धुवावी आणि फिल्टर मुदतीत बदलावेत.

टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात चीर असली तरी बहुधा डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून कोरडा दिसणारा पाइप चांगलाच असेल असे नाही. या भागात काही वेळ पारदर्शक नळी जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहावे.

सावधगिरी : कॉमन रेल इंजिनात उच्च दाबाच्या नळ्यांमध्ये दाब एक हजार बारच्या वर जातो. इंजिन चालू असताना त्यांचे नट कधीही सैल करू नयेत व गळती हाताने चाचपू नये. डिझेलची बारीक धार कातडीत घुसून गंभीर इजा होते.

कोड कसा वाचावा?

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ मानके लागू झाली आणि या गटात संगणकावर चालणारी इंजिने आली. ही यंत्रे जशी जुनी होतील तसा कोडशी संबंध वाढत जाणार आहे. अशा अनेक यंत्रांत कोडचे दोन भाग असतात. एसपीएन हा आकडा कोणत्या मोजमापाविषयी तक्रार आहे ते सांगतो. उदाहरणार्थ, ९७ डिझेलमधील पाणी, १०० ऑइलचा दाब, १०२ टर्बोच्या हवेचा दाब, ११० इंजिनातील पाण्याचे तापमान, १५७ रेलमधील डिझेलचा दाब. काही कंपन्या स्वतःचे वेगळे आकडे वापरतात, म्हणून पुस्तिका जवळ ठेवावी.

दुसरा आकडा, एफएमआय, अधिक उपयोगाचा आहे. तो ३, ४ किंवा ५ असल्यास दोष बहुधा वायर, कपलर किंवा सेन्सर यांच्या विजेच्या जोडणीत असतो. ०, १, १६ किंवा १८ असल्यास सेन्सरने खरोखर जास्त किंवा कमी मोजमाप दाखविले आहे. तेव्हा सेन्सर बदलण्याआधी हवा, डिझेल आणि पाणी तपासावे. वरील शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा कोड १५७ आणि १८ असा होता. दाब खरोखरच कमी होता, मात्र पंपामुळे नव्हे.

अनेक कोड एकदम आले तर प्रथम बॅटरीची टोके व अर्थिंग घासून घट्ट करावे. गोठ्यात किंवा धान्याजवळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात. पाण्याचा जोराचा फवारा मारून धुतल्यावर कपलरमध्ये पाणी शिरते.

सेन्सरची साधी परीक्षा सकाळी थंड इंजिनावर करता येते. चावी फिरवावी, इंजिन सुरू करू नये. पडद्यावर पाण्याचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. टर्बोचा दाब वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल आणि आपल्या पठारी भागात त्याहून थोडा कमी असावा. काही यंत्रांवर तो शून्य दिसतो. यात मोठा फरक असल्यास सेन्सर किंवा त्याच्या वायरीवर संशय घ्यावा.

इंजिन तापल्यास संगणक स्वतःहून शक्ती कमी करतो. त्यामुळे रेडिएटरच्या जाळीत सोयाबीनचा भुसा अडकला तरी ओढ कमी होऊ शकते. हा बिघाड नसून इंजिनाचे संरक्षण आहे.

थोडक्यात

१) कोड पुसण्यापूर्वी तो वहीत लिहावा. त्या वेळचे काम, गिअर आणि धुराचा रंगही नोंदवावा.
२) हवा, डिझेल, धुराचा मार्ग व रेडिएटर या क्रमाने तपासणी करावी.
३) नंतर बॅटरी, अर्थिंग, वायरी व कपलर पाहावेत.
४) महागडा भाग बदलण्यापूर्वी कारागिराकडून दाब मोजून घ्यावा व आकडा विचारावा.
५) दुरुस्तीनंतर कोड पुसून त्याच लोडवर ट्रॅक्टर चालवून पाहावा.

ही तपासणी पेरणीच्या दिवशी नव्हे, तर खरिपाची काढणी संपताच करावी. तेव्हा हाती वेळ असतो आणि फाटलेला पाइप वेळीच सापडतो.