शंभर सीसीचा हिशेब

एस्कॉर्ट्सने नोव्हेंबर १९८५मध्ये यामाहाची आरएक्स १०० भारतात आणली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती, चार गिअर आणि जेमतेम शंभर किलो वजन. १९९६ साली उत्पादन थांबलं, त्यालाही आता तीन दशकं होत आली. तरीही कोल्हापूर, सांगली, पुणे, नाशिक इथल्या जुन्या फिटरांकडे गेलात तर एखादी आरएक्स खोललेली हमखास दिसते. मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींत ही गाडी आणि तिच्यामागून आलेली सुझुकीची शोगन यांच्यावर आपल्याकडची एक पिढी गाडी पळवायला शिकली.

खिशाला परवडेल अशी शर्यतीची गाडी बनवायची म्हटलं की आजही पहिलं नाव आरएक्सचंच निघतं. काम मात्र बहुधा उलट्या बाजूने सुरू होतं. पहिल्याच आठवड्यात ब्लॉक बोअरिंगला जातो, एक्झॉस्ट पोर्ट घासून मोठं केलं जातं, बाजारातला चकचकीत पाइप बसतो. ब्रेक कंपनीतून आले तेच राहतात, तेही अर्धे झिजलेले. अशी गाडी सरळ रस्त्यावर सुसाट सुटते आणि पहिल्याच वळणावर दगा देते. स्वस्तातली शर्यतीची गाडी पैशापेक्षा हिशेबाने बनते, असं माझं ठाम मत आहे. टू-स्ट्रोक इंजिनाचा इतिहास वाचताना ते अधिकच पक्कं झालं.

त्या इतिहासाचं मोठं पान पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ या छोट्या गावात लिहिलं गेलं. महायुद्धापूर्वी तिथे डीकेडब्ल्यूचा कारखाना होता. त्यांच्या आरटी १२५ या मोटरसायकलची नक्कल जगभर झाली. यामाहाने १९५५ साली काढलेली आपली पहिली गाडी, वायए-१, तिच्यावरच बेतली होती. युद्धानंतर समाजवादी राजवटीत त्या गावातून एमझेड या नावाने गाड्या निघू लागल्या. तिथल्या शर्यत विभागाची सूत्रं वॉल्टर काडेन या इंजिनिअरकडे होती. हाताशी पैसा तुटपुंजा, सामानाची टंचाई. काडेन एक्झॉस्टच्या नळीत उठणाऱ्या दाबाच्या लहरी ऑसिलोस्कोपवर तपासत राहिला. फुगीर पाइपची, म्हणजे एक्स्पान्शन चेंबरची कल्पना त्याच्याआधीही वापरली गेली होती, पण तिचं शास्त्र नीट बांधलं ते त्याने. १९६१पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती निघू लागली. लिटरमागे २०० अश्वशक्ती, तीही सुपरचार्जरशिवाय!

त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनमधल्या क्रिस्टियनस्टाडच्या शर्यतीनंतर त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला. त्याच्या बायकोमुलांना मोटारीच्या डिकीत लपवून सीमेपार नेण्यात आलं. डेग्नर सुझुकीला जाऊन मिळाला आणि १९६२ साली त्याने सुझुकीला ५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवून दिलं. चोपाऊचं ज्ञान असं जपानला पोचलं आणि तिथल्या टू-स्ट्रोक गाड्यांत मुरलं. आपल्या गल्लीतल्या आरएक्सचं गोत्र हे असं लांबचं आहे.

काडेनचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही करता येतो. एक्झॉस्ट पोर्ट उघडलं की दाबाची एक लहर नळीत शिरते. नळी रुंदावत जाते तिथून ओढ घेणारी लहर मागे फिरते आणि सिलिंडरमधला जळका वायू खेचून घेते. त्याच्यामागून थोडं ताजं मिश्रणही बाहेर येतं. नळी पुन्हा निमुळती होते त्या शंकूवरून मात्र दाबाची लहर परतते आणि निसटू पाहणारं ते मिश्रण पोर्ट मिटायच्या आत सिलिंडरमध्ये ढकलते. सगळा खेळ वेळेचा. समजा, आपल्याला ९,००० आरपीएमला जोर हवा आहे. त्या गतीला क्रँकचा एक फेरा ६.६७ मिलिसेकंदांत होतो. ३६०पैकी १९० अंश पोर्ट उघडं असेल, तर हाती साडेतीन मिलिसेकंद येतात. तापलेल्या वायूत लहर सेकंदाला साधारण ५०० मीटर जाते असं धरलं, तर तेवढ्या वेळात ती पावणेदोन मीटर कापते. जाऊन परत यायचं आहे, म्हणून निम्मं करायचं: पिस्टनपासून मागच्या शंकूपर्यंत सुमारे ८८ सेंटीमीटर. गॉर्डन जेनिंग्स यांच्या १९७३ सालच्या टू-स्ट्रोक ट्यूनिंगवरच्या पुस्तकातलं सूत्र याच तर्काचं आहे. पातळ पत्रा, कागदावर कापलेले शंकूंचे साचे आणि हात बसलेला वेल्डर मिळाला की पाइप तयार होतो. विकतचा पाइप कुठल्या पोर्टसाठी आणि किती आरपीएमसाठी कापला आहे, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

या जोराची किंमतही मोजावी लागते. वरच्या आरपीएमला जे मिळतं ते खालच्या आरपीएममधून जातं. चारच गिअर असलेल्या गाडीत गिअर बदलला की आरपीएम बराच खाली पडतो आणि तिथे पाइप काम करत नाही. म्हणून वळणावळणाच्या मातीच्या ट्रॅकसाठी थोडा लांब, सौम्य पाइपच बरा.

पण पाइपच्या आधी वजन. हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, दोन्ही स्टँड, साडी गार्ड, चेन कव्हर, मागचे फुटरेस्ट काढले की दहाएक किलो उतरतात, आणि त्याला पैसा लागत नाही. गाडी आणि स्वार मिळून १६५ किलो धरले तर हे सहा टक्के झाले. वेग घेताना तेवढाच फायदा इंजिनातून काढायचा तर पाऊण अश्वशक्ती वाढवावी लागली असती, आणि वाढलेली अश्वशक्ती ब्रेक दाबताना काही कामाची नसते. उतरवलेलं वजन तिथेही साथ देतं.

मग पैसे काढायचे ते ब्रेक, टायर आणि चेसिससाठी. ड्रम अंडाकृती झाला असेल तर लेथवर गोल करून घ्यावा, शू आणि केबल नव्या टाकाव्यात. स्विंगआर्मचे बुश, हँडलचा कोनसेट, फोर्कचे ऑइल सील बदलावेत. जुना टायर घेताना त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. ३२१९ असेल तर तो २०१९च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही शाबूत दिसली, तरी कडक झालेलं रबर वळणावर धरत नाही. ऑइलच्या नटांना भोक पाडून तार बांधावी, म्हणजे ते सैल होऊन ट्रॅकवर तेल सांडणार नाही. हँडलवर किल स्विच हवाच. चांगलं हेल्मेट, हातमोजे, बूट यांचा खर्च गाडीच्याच हिशेबात धरावा, तोही अगदी वर.

इंजिनाच्या बाबतीत टू-स्ट्रोकला धोका असतो तो सीझ होण्याचा, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकण्याचा. शर्यतीच्या गाडीत बहुधा पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. लिटरला ४० मिली टू-टी ऑइल घातलं तर ते १:२५ होतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी तापलेल्या इंजिनाचा थ्रॉटल एकदम मिटला की नेमकं हेच होतं. म्हणून टू-स्ट्रोकच्या अनुभवी स्वाराची दोन बोटं कायम क्लचवर असतात. पिस्टन धरू लागल्याचा आवाज येताच क्लच दाबला नाही, तर मागचं चाक जाम.

पुण्यातून चेन्नईला गाडी नेणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तर चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सखल भागात. खालची हवा पाच टक्क्यांच्या आसपास दाट. उकाड्याने ती थोडी विरळ होते, पण पुण्यात अगदी काठावर बसवलेला कार्ब्युरेटरचा जेट तिथे कमी पडू शकतो. आधी मोठा जेट टाकावा, पूर्ण थ्रॉटलवर पट्टा मारून इंजिन तिथेच बंद करावं आणि प्लग काढून बघावा. काळा असला तर जेट उतरवता येतो. पांढरा पडला, तर पिस्टन वाचला म्हणून देवाचे आभार मानावेत.

ही गाडी रस्त्यावर काढायची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या असल्या बदलांना मनाई करतं आणि कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतींना. चेन्नई, कोइमतूर इथले ट्रॅक आणि परवानगी काढून भरवलेल्या मातीच्या शर्यती हीच तिची जागा. उतरायचं त्या वर्गाची नियमावली आधी वाचावी, स्पर्धेचा परवाना काढावा आणि मग पाना हातात घ्यावा.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. ज्या आरएक्सची कागदपत्रं स्वच्छ आहेत, इंजिन आणि चेसिसचे मूळ नंबर शाबूत आहेत, टाकीवर कंपनीचा रंग आहे, तिला हात लावू नका. तशा गाड्या आता लाखाच्या वर जातात आणि दर वर्षी कमी होत आहेत. शर्यतीसाठी गंजलेली, सुटे भाग हरवलेली, भंगाराच्या वाटेवरची गाडी शोधा. ती मिळाली नाही, तर आकुर्डीच्या बजाजने २००१मध्ये आणलेली पल्सर घ्या. तिचे सुटे भाग तालुक्यालाही मिळतात, आणि शिकायला ती आरएक्सइतकीच चांगली आहे.