लांब पल्ल्याआधीच्या छोट्या शर्यती

युनियनचा माणूस धावण्यावर बोलणार हे कळल्यावर पुष्कळांनी मला विचारले, "मोर्च्यात लाठी चुकवून पळण्याचे अनुभव सांगणार काय?" तेही सांगता येतील. पण मी पन्नाशी गाठल्यावर खरोखरीच धावू लागलो, आणि शाळा सातवीतच सुटल्यामुळे त्यातले जे काही कळले ते थोडे पुस्तकांतून आणि बरेचसे पोटऱ्यांतून कळले.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. आपल्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तेव्हा वरच्या कडेची प्रदक्षिणा साडेपाच किलोमीटरांहून थोडी अधिक भरते. अशा साडेसात प्रदक्षिणा एका दमात! (अभयारण्यात शर्यत भरवा असे मी सुचवीत नाही, हिशेबापुरते सांगतो.) ज्याला हे साधायचे आहे त्याने गावोगावच्या पाच-दहा किलोमीटरांच्या शर्यतींत उतरावे की नाही?

उतरावे, पण बेताने. १९५२ साली हेलसिंकीला चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने पाच हजार आणि दहा हजार मीटर जिंकून त्याच आठवड्यात आयुष्यातली पहिली मॅरेथॉन जिंकली. कमी पल्ल्याचा वेग अंगात असला म्हणजे लांब पल्ल्याचा वेग सोपा वाटतो. आपल्याकडचे नाव घ्यायचे तर बेळगावचे फडेप्पा चौगुले. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे दोराबजी टाटांनी पाहिली, आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानचा चमू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. तिथे चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे. देशी मैदानावरची शर्यत नसती तर तो माणूस कोणाच्या नजरेस पडला असता?

आम्ही बेमुदत संपाआधी एक दिवसाचा लाक्षणिक संप करतो. कोण येतो, कोण कच खातो, ते तिथे दिसते. छोटी शर्यत तेच काम करते. बूट कुठे चावतो, पहाटे काय खाल्ले तर पोट बिघडते, बंदुकीचा आवाज होताच आपण किती वेडेपणाने सुटतो, हे घरच्या रस्त्यावर एकट्याने धावून कळत नाही. शिवाय अंदाजही मिळतो. पीट रिगेल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ साली हिशेब मांडला की अंतर दुप्पट झाले तर वेळ दुपटीहून साधारण सव्वाचार टक्के जास्त लागतो. त्याप्रमाणे दहा किलोमीटर ५० मिनिटांत धावणाऱ्याची मॅरेथॉन सुमारे ३ तास ५० मिनिटांची. अर्थात लांब पल्ल्याचा सराव झाला असेल तरच! स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते, आणि पुढचा मुलूख कसा आहे ते दहा किलोमीटरची शर्यत कधीच दाखवीत नाही. त्याला रविवारची संथ, कंटाळवाणी, दोन-तीन तासांची धावच लागते.

आणि इथेच खरी ओढाताण आहे. शर्यतही रविवारीच असते. दोन दिवस आधी विश्रांती, चार दिवस नंतर दुखरे पाय. म्हणजे आठवडा गेला. माझ्या बाबतीत तर महिना गेला. मॅरेथॉनला तीन आठवडे असताना एका दहा किलोमीटरच्या शर्यतीत, तिशीतल्या माणसाला मागे टाकण्याच्या हट्टापायी, मी पोटरी धरून बसलो. म्हणून महिन्यातून एकच शर्यत, आणि शेवटच्या तीन-चार आठवड्यांत एकही नाही, हा माझा नियम.

पण मला हा नियम परवडतो. आपल्या भागातली पोरे पोलीसभरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे रस्त्यावर धावतात, त्यांतला एक मजुराचा मुलगा मॅरेथॉनची तयारी करतो. उत्तम धावतो. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावच्या शर्यतीला जातो, कारण पहिला आला तर आईच्या काही दिवसांच्या मजुरीएवढे रोख बक्षीस मिळते. गेल्या हिवाळ्यात नडगी दुखत असतानाही तो धावला, जिंकला, आणि मग दीड महिना घरी बसला.

मी त्याला वरचा सगळा हिशेब समजावून दिला. त्याला तो पटला. दोन शर्यती त्याने सोडल्याही. मग त्याच्या आईने मला थांबवून विचारले, "दादा, त्या दोन रविवारचे पैसे कोण देणार?" तिला काय उत्तर द्यावे ते मला अजून सुचलेले नाही.