कोड लिहिणारे ढीगभर, वाचणारे कुठायत?

मेलबॉक्समध्ये न उघडलेल्या मेल्सचा आकडा पाचशेवर गेला की आपण काय करतो? सिलेक्ट ऑल, डिलीट! ओपन सोर्समध्ये ही चैन नाही. कुणीतरी रात्र जागून, एक पैसा न घेता कोड पाठवलेला असतो. ऑफिस सुटल्यावर मी अशाच एका छोट्या प्रकल्पात लोकांनी पाठवलेले पॅच तपासतो. सांगतो राव, पॅच लिहायला एक संध्याकाळ लागते, तर नीट वाचायला दोन! कारण एकदा आत घेतला की सांभाळायचा आपणच. पाठवणारा गेलेला असतो पुढच्या नोकरीला.

मग ढीग साचतो आणि ‘अहो, कधी बघताय?’ सुरू होतं. हा तगादा किती महागात पडू शकतो, ते ‘एक्सझेड’नं दाखवलं. फाइली दाबून लहान करणारं हे सॉफ्टवेअर जगभरच्या लिनक्स मशीन्सवर असतं, आणि ते सांभाळत होता जवळपास एकटा लासे कॉलिन. 2022 मध्ये काही जणांनी त्याच्यामागे लकडा लावला: पॅच पडून आहेत, झेपत नसेल तर दुसऱ्याला दे. हा बिनपगारी छंद आहे, हे त्यानं सांगून पाहिलं. तेवढ्यात ‘जिया तान’ नावाचा कुणीतरी मदतीला हजरच होता. मेहनती, नम्र. असा सहकारी कुणाला नकोय? हळूहळू त्याला अधिकार मिळाले आणि फेब्रुवारी 2024 च्या आवृत्तीत त्यानं चक्क चोरदरवाजा बसवला! तगादा लावणारी नावंही बहुधा बनावटच होती.

मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंडला जाणवलं, की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो खणत गेला, म्हणून निभावलं. (आपण पीसी हँग झाला की चहाला जातो!)

हा फ्रॉइंड पोस्टग्रेस डेटाबेसचा डेव्हलपर. त्या मंडळींची ढिगावरची तोड मला जाम आवडते. वर्षातून पाच वेळा ‘कमिटफेस्ट’ भरतो, साचलेलं तपासायला. शिवाय स्वतःचा पॅच टाकलात, तर तेवढ्याच वजनाचा दुसऱ्या कुणाचा तरी वाचायचा. थोडक्यात, भिशीच! ढीग तरीही संपत नाही, उरलेलं पुढच्या फेरीत जातं.

मी आता घ्यायचं नसेल तर आठवडाभरात सरळ ‘नाही’ कळवतो. काही जण रुसतात. मागच्या महिन्यात एकाला असंच कळवलं, तर दोन दिवसांनी त्यानं दुसऱ्याच कुणाचा पॅच वाचून तीन चुका काढून पाठवल्या.