आंबागडची भिंत आणि घरचं वाय-फाय

तुमसर तालुक्यातलं आमचं आंबागड किल्ल्यासाठी ओळखलं जातं. गोंड राजा बख्त बुलंद शाहच्या काळात, 1700 च्या सुमारास तो बांधला गेला. शत्रूला आत येऊ न देणं हे किल्ल्याच्या भिंतीचं काम. पण आमच्या घरची दीड फुटी माती-दगडाची भिंत वाय-फायलाही आत येऊ देत नाही, हे मला परवाच्या सुट्टीत कळलं!

झालं असं. धाकट्या बहिणीचा इंजिनियरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता आणि दुसरा दिवस शेवटचा. ती मागच्या खोलीत बसलेली. सेव्ह दाबलं की चक्र फिरायचं, मग सेशन संपायचं. असं दोनदा झालं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा म्हणाले, "महिन्याचे तीनशे रुपये जास्त देऊन मोठा प्लॅन घेऊन टाकू का? तू इंजिनियर होऊन रायला ना, मंग सांग."

आता आली का पंचाईत! तीनशे म्हणजे वर्षाचे 3,600. 2025-26 च्या 2,369 रुपये हमीभावाने हे दीड क्विंटल धानाचे पैसे झाले. म्हणून म्हटलं, आधी मोजू या.

आधी मोजा, मग खर्च करा

आपला प्लॅन 40 एमबीपीएसचा. (हे मेगाबिट बरं का! 8 ने भागा, म्हणजे डाउनलोड सेकंदाला 5 मेगाबाइट.) लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडला, तर स्पीड आला 38. म्हणजे बाहेरून येणारं नेट ठणठणीत. मागच्या खोलीत वाय-फायवर मात्र 2. आपल्याकडे ब्रॉडबँडची व्याख्या 2004 मध्ये 256 केबीपीएस होती, मग 512 झाली आणि 2023 पासून किमान 2 एमबीपीएस. म्हणजे मागच्या खोलीत आम्ही कसेबसे 'ब्रॉडबँड'वाले होतो! अशा वेळी 100 चा प्लॅन घेतला असता तरी भिंतीपलीकडे तेच 2 मिळाले असते.

वायरनेच स्पीड कमी आला तर मात्र दोष बाहेरचा. राउटरवर एलओएसचा लाल दिवा आहे का, पिवळी फायबर कुठे खिळ्यावर मोडल्यासारखी वाकली आहे का, ते बघा आणि तक्रार करा.

सिग्नल जातो कुठे?

मोबाइलमधलं वाय-फाय ॲनालायझरचं फुकट ॲप उघडलं. राउटरजवळ उणे 45 डीबीएम, मागच्या खोलीत उणे 82. फरक 37 डेसिबलचा. दर 10 डेसिबलला शक्ती दहावा हिस्सा उरते, म्हणजे हा सिग्नल जवळजवळ 5,000 पट क्षीण झालेला. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल जातात, बाकीचं भिंत खाते. त्यातून आमचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, कोपऱ्यात. धातूवरून लहरी परत फिरतात, पलीकडे पोचत नाहीत.

2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, 5 गिगाहर्ट्झची सहा. पहिली भिंतीतून जरा बरी जाते, पण तिथे गर्दी फार. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकते. म्हणून राउटरच्या खोलीत 5 आणि लांबच्या खोलीत 2.4 वापरा.

फुकटचे उपाय

1. राउटर कपाटामागून काढून सपरीच्या दाराच्या रेषेत, डोक्याएवढ्या उंचीवर ठेवला. दार उघडं असलं की सिग्नलला भिंत फोडावी लागत नाही. मागच्या खोलीत उणे 82 चे उणे 68 झाले, स्पीड 18!

2. 2.4 मध्ये चॅनेल 1, 6 किंवा 11 यांपैकी जो मोकळा असेल तो निवडा आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. मधले चॅनेल दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी भांडतात.

3. पासवर्ड बदला. अर्ध्या आळीचे मोबाइल आपल्या नेटवर अपडेट होत असतील तर राउटर बिचारा काय करणार?

त्याच रात्री अकराच्या आत बहिणीचा फॉर्म कन्फर्म झाला. पावतीची पीडीएफ बाबांनी दोनदा उघडून बघितली.

थोड्या खर्चाचे उपाय

दुसऱ्या दिवशी तुमसरहून 20 मीटर कॅट-6 वायर आणली, दोन्ही टोकांना कनेक्टर दुकानातच लावून घेतले. सगळं साडेपाचशेच्या आत. घरात जुना राउटर पडून होता. त्याचा आयपी बदलून 192.168.1.2 केला (मोठ्या राउटरचा 192.168.1.1 होता), त्याचं डीएचसीपी बंद केलं आणि लॅन पोर्टमधून लॅन पोर्टला वायर जोडली. वाय-फायचं नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच. झाला ॲक्सेस पॉइंट तयार! आता मागच्या खोलीतही 36 मिळतात.

बाजारातला स्वस्त रिपीटर का नको? एकाच रेडिओचा रिपीटर तोच डेटा आधी ऐकतो आणि मग पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय तो लावायचा अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे. अंधाऱ्या खोलीत आरसा ठेवून उजेड पडत नाही.

दोन सूचना मात्र लक्षात ठेवा. लॅनची वायर विजेच्या तारेला चिकटवून नेऊ नका आणि तांब्याची वायर दोन घरांमध्ये उघड्यावरून ताणू नका. पावसाळ्यात वीज पडली की दोन्हीकडचं सामान जातं. लाईट वारंवार जात असेल तर राउटरच्या व्होल्टेजचा छोटा डीसी यूपीएस लावा.

होस्टेलवाल्यांनो, हे तुम्हालाही लागू आहे बरं का! एका मजल्यावर वीस हॉटस्पॉट चालू ठेवायचे आणि वर वाय-फायच्या नावाने बोंबा मारायच्या, हे बरं नव्हे. खोलीत लॅन पोर्ट असेल तर ऑनलाइन टेस्टच्या दिवशी सरळ वायर लावा.

शेवटी बाबांनी विचारलं, "मंग प्लॅन वाढवायचा का नाही?"

म्हटलं, "नको बाबा, भिंतीला वळसा सापडला!"