इंग्रजी शब्दांतील लघु-गुरू

लांबलचक इंग्रजी शब्दाची फोड करताना मोजायची असतात ती अक्षरे, म्हणजे एकेका स्वराभोवती जमणारे उच्चाराचे घटक, लिपीतील वर्ण नव्हेत. म्हणूनच नऊ वर्णांचा ‘स्ट्रेंग्थ्स’ एकाक्षरी, तर चारच वर्णांचा ‘आयडिया’ त्र्यक्षरी ठरतो. या अक्षरांपैकी एक इतरांहून ठसठशीत उच्चारले जाते, त्यालाच आघात म्हणतात, आणि आघात नसलेल्या अक्षरांतील स्वर बहुधा आखडून ‘अ’सारखे पुसट होत असल्यामुळे आघाताची जागा चुकली की ओळखीचा शब्दही इंग्रजी कानाला परका वाटतो.

ही जागा मनमानी असते, असा समज सर्रास आढळतो. परंतु लॅटिन-ग्रीक वळणाच्या नामांपुरता तरी तो खरा नाही, आणि वृत्ताचे गण पाडणाऱ्याला तर त्यामागील तत्त्व आधीच परिचयाचे असते. शेवटून दुसरे, म्हणजे उपान्त्य अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर पडतो, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. ‘अरोमा’तील ‘रो’ दीर्घ म्हणून गुरू, ‘अजेंडा’तील ‘जें’ व्यंजनाने बंद झाल्यामुळे गुरू. ‘अमेरिका’तील ‘रि’ मात्र लघू, त्यामुळे आघात ‘मे’वर येतो. वजन पाहायचे ते इंग्रजी उच्चाराचे, देवनागरी लेखनाचे नव्हे: ‘सिनेमा’तील ‘ने’ मराठीत दीर्घ असला तरी इंग्रजीत ऱ्हस्व व पुसट आहे, म्हणून तिथे ‘सि’ ठसतो. नोम चॉम्स्की व मॉरिस हॅले यांनी १९६८ च्या ‘द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश’ या ग्रंथात आघाताचा जो नियम मांडला, त्याच्याही मुळाशी हेच वजन आहे.

साम्य याहूनही खोल जाते. ‘आल्जिब्रा’त ‘जि’नंतर जोडाक्षर असूनही ‘ब्र’ हा जोड अखंडपणे पुढच्या अक्षरात जातो, ‘जि’ लघूच राहतो आणि आघात पहिल्या अक्षरावर पडतो. मराठी वृत्तविचारानेही ‘तुझ्या’तील ‘तु’ जोडाक्षरामागे असूनही लघूच मानला आहे.

प्रत्यय जोडल्यावर आघात सरकतो, कारण शेवटापासूनची मोजणीच बदलते. ‘फोटोग्राफ’चा आघात पहिल्या अक्षरावर, तर ‘फोटोग्राफी’चा दुसऱ्यावर असून उच्चार ‘फ-टॉ-ग्र-फी’च्या जवळ जातो; ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘इक’ हा प्रत्यय आघात आपल्या लगतच्या मागील अक्षरावर ओढतो. ‘नेस’सारखे मूळचे जर्मानिक प्रत्यय असे काही करत नाहीत.

अपवाद अर्थातच आहेत. स्पॅनिशमधून आलेल्या ‘व्हॅनिला’त उपान्त्य अक्षर लघू असूनही आघात त्यावरच पडतो, आणि अशा शब्दासाठी शब्दकोशातील ध्वनिलिपीत आघातयुक्त अक्षराच्या आधी, वरच्या बाजूला काढलेली छोटी उभी रेघच पाहावी लागते.