सागरतळीचे ठसे आणि आमची शिकवण

उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकविताना वरच्या वर्गातील एखादा मुलगा विचारतो, ‘‘जलाशयांतील पहिल्या जीवांविषयी दगड काय सांगतात?’’ या प्रश्नाला बगल देणे धर्मशिक्षकास शोभणारे नाही. म्हणून दगडांची साक्ष प्रथम नीट समजून घेऊ.

चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात एक अडचण मोकळेपणाने मान्य केली होती. ज्यांना आज आपण कँब्रियन म्हणतो, त्या सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीपासूनच्या खडकांत प्राण्यांचे अवशेष विपुल सापडतात. त्यांच्या खालचे थर मात्र तेव्हा रिकामे भासत होते. ‘येथेच ईश्वराचा हात दिसतो’ असे म्हणण्याचा मोह अशा पोकळीपुढे सहज होतो.

परंतु ती पोकळी भरत गेली. १९४६ साली ऑस्ट्रेलियातील एडियाकरा टेकड्यांत रेग स्प्रिग या भूशास्त्रज्ञास मऊ शरीराच्या जीवांचे ठसे आढळले. १९६७ साली कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावर, मिस्टेकन पॉइंट येथे, शिव बालक मिश्र या भारतीय विद्यार्थ्यास असेच ठसे दिसले. तेथील एका जीवाच्या नावात पुढे मिश्रांचे नाव गोवले गेले. २०१६ साली युनेस्कोने ते स्थळ जागतिक वारशात घेतले.

हे जीव खोल समुद्राच्या तळाशी, सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा ठिकाणी, नेच्याच्या पानांसारखे उभे असत. त्यांना तोंड वा आतडी असल्याची खूण नाही; पाण्यात विरघळलेले अन्न ते बहुधा अंगानेच शोषून घेत. ज्वालामुखीची राख त्यांच्यावर पडली आणि ते जागच्या जागी गाडले गेले. राखेतील झिरकॉन स्फटिकांत युरेनियमचे शिसे होत असते. त्या प्रमाणावरून तेथील एका थराचे वय सुमारे ५६.५ कोटी वर्षे ठरले आहे. या काळातील सारेच जीव प्राणी होते काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. तथापि डिकिन्सोनिया या चपट्या जीवाच्या अवशेषांत २०१८ साली कोलेस्टेरॉलचे अंश मिळाले आणि तो प्राणीच असल्याचे मत बळकट झाले.

आता दुसरी बाजू पाहू. २०२१ साली भोपाळजवळच्या भीमबेटका येथील गुहेच्या छताशी डिकिन्सोनियाचा ठसा मिळाल्याचे प्रसिद्ध झाले आणि वृत्तपत्रांनी ती वार्ता उचलून धरली. २०२३ साली दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिले की, तो ठसा नसून कुजलेल्या मधमाश्यांच्या पोळ्याचा अवशेष होता. मूळ संशोधकानेही ही दुरुस्ती मान्य केली.

या दोन घटनांतून आम्ही एकच बोध घेतो. न सापडलेल्या दगडावर श्रद्धेचा पाया घालू नये. कारण तो दगड उद्या सापडेल. नुकत्याच सापडलेल्या दगडावरही घालू नये. कारण ते उद्या मधाचे पोळे ठरेल. सृष्टीविषयी अज्ञानाने बोलून ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचे हसे करून घेऊ नये, असा इशारा संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीवरील आपल्या भाष्यात पाचव्या शतकातच दिला होता. उत्पत्तीचा अध्याय खडकांचे वय सांगण्यासाठी लिहिलेला नाही. सृष्टी कोणाची आहे, हे तो सांगतो. म्हणून वर्गात तो प्रश्न येईल तेव्हा माहीत आहे तेवढे स्पष्ट सांगावे, माहीत नाही ते तसे कबूल करावे. चूक कळताच ती मान्य करणाऱ्या त्या संशोधकाइतका प्रामाणिकपणा आपल्या प्रवचनपीठावरही असावा.